डोळ्यांची पारख व आंकड्यांची

उंचापुरा, चपळ, देखणा असा बिली बीन पाहतांच अमेरिकेंतील बेसबॉलचे पारखी भुलले. १९८० सालीं न्यूयॉर्क मेट्स संघानें मोठी रक्कम देऊन त्यास घेतलें. परंतु वरिष्ठ संघांतून सहा हंगामांत तो जेमतेम १४८ सामने खेळला; १९९० मध्यें खेळ सोडून तो स्वतःच पारखी झाला.

१९९७ सालीं ओकलंड ॲथलेटिक्स संघाची व्यवस्था त्याच्याकडे आली. संघ निर्धन, यांकीज संघाचा वेतनखर्च २००२ सालीं त्याच्या तिपटीच्या घरांत होता. तेव्हां बीननें खेळाडूची ऐट पाहणें सोडून आंकडे चाळले. बिल जेम्स हा लेखक १९७७ पासून हाच मार्ग सांगत होता. फलंदाज किती जोरानें मारतो, यापेक्षां बाद न होतां तो किती वेळां तळ गांठतो, यास बीननें अधिक मोल दिलें. कारण बाजारांत हा गुण स्वस्त होता. कोपराच्या दुखापतीनें ज्याची चेंडूफेंक अधू झाली होती, तो स्कॉट हॅटेबर्ग त्यानें याच हिशेबानें घेतला. २००२ मध्यें संघानें लागोपाठ २० सामने जिंकले. विसावा हॅटेबर्गच्याच फटक्यानें!

बीनच्या व्यवस्थेखालीं ओकलंडला अजिंक्यपद मात्र लाभलें नाहीं. मोजक्या सामन्यांच्या अखेरच्या फेऱ्यांत दैवाचा वांटा मोठा. तथापि, डोळ्यांच्या पारखीनें ज्याची फसगत केली, त्यानेंच त्या पारखीनें टाकलेल्यांस न्याय दिला, ही गोष्ट लहान नव्हे.