एरंडेल ते मल्टिग्रेड

लांबलेल्या निरर्थक बोलण्याला आपण एरंडाचे गुऱ्हाळ म्हणतो. पण याच एरंडाच्या तेलाने पहिल्या महायुद्धात विमानांची इंजिने सांभाळली. १९०९ मध्ये बाजारात आलेले ‘कॅस्ट्रॉल’ हे नावही एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरून पडले. शब्दाचा माग काढताना मी तेलाच्या इतिहासात शिरलो तो असा.

एरंडेल उष्णतेत टिके, पण इंजिनात गोंदासारखे चिकटून बसे. म्हणून रस्त्यावरच्या गाड्यांना खनिज तेल सोयीचे ठरले. पुढे थंडीत वाहणारी आणि तापल्यावरही पुरेशी दाट राहणारी मल्टिग्रेड तेले आली.

आता १९६२ ची एमजीबी घ्या. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनची ही स्पोर्ट्स कार १९८० पर्यंत बनत होती. तिच्या कॅमशाफ्टचे उंचवटे सपाट टॅपेटवर घासतात. तेलातले जस्त आणि फॉस्फरसचे संयुग तिथे संरक्षक थर धरते. मात्र फॉस्फरसमुळे नव्या गाड्यांतला, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो. म्हणून २००४ च्या अमेरिकन ‘एसएम’ प्रतीत ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ तेलांसाठी त्याची मर्यादा ०.०८ टक्के झाली. हवेसाठी हे योग्यच होते. जुन्या कॅमशाफ्टचे संरक्षण मात्र कमी झाले.

तेव्हा अशी गाडी बाळगणाऱ्यांनी नव्या, महाग डब्याला भुलू नये. सपाट टॅपेटच्या जुन्या इंजिनांसाठी बनवलेले २०डब्ल्यू-५० घ्यावे. झिजलेला कॅमशाफ्ट कुठल्याही तेलाने भरून येत नाही.