महामार्गावरील वाहतूक-गणना : नोंद, शुद्धीकरण आणि पाठचिकित्सा

वाहतुकीची नोंद हा प्रशासकीय दस्तऐवज असला, तरी तोही एक पाठच असतो. त्याचीही संहिता कुणीतरी निश्चित केलेली असते. ह्या संहितानिश्चितीचा इतिहास मराठी मुलखाशी निगडित आहे. मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये रस्तेविकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतूनच १९२९ चा केंद्रीय रस्ते निधी आणि पुढे १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस अस्तित्वात आली. १९४३ मध्ये मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने रस्त्यांची देशव्यापी योजना आखली, ती नागपुरात. रायपूर तेव्हा त्याच प्रांतात होते.

ह्या संस्थेच्या १९७२ च्या गणना-संहितेनुसार वर्षातून किमान दोनदा, सलग सात दिवस, अहोरात्र वाहने मोजावयाची असतात : एकदा सुगीच्या भरात, एकदा मंदीच्या काळात. गणक कागदावर पाच-पाचांच्या रेघा ओढतो. मात्र जत्रा वा प्रदर्शन असल्यास गणना पुढे ढकलावी, असेही ती सांगते. म्हणजे शुद्धीकरण नोंदीनंतर नव्हे, नोंदीपूर्वीच सुरू होते.

रायपूरच्या पुरानी बस्तीत दुधाधारी मठ आहे. मठ-मंदिरांच्या ह्या वस्तीतून राजिमला निघालेला यात्रेकरू अभनपूरपर्यंत धमतरीच्या महामार्गानेच जातो. माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत चालणारी राजिमची जत्रा दरवर्षी ठरल्या तिथीला भरते; तरीही संहितेच्या लेखी ती अपवादच. यात्रेकरू बैलगाडीत असेल, तर १९९० च्या कोष्टकाप्रमाणे तो आठ मोटारींइतकी जागा अडवणारा ठरतो. पायी असेल, तर त्या कोष्टकात त्याला स्थानच नाही.

आता गणकाच्या जागी सेन्सर आले आहेत. शेजारून गेलेल्या दोन दुचाकी एक म्हणून उमटतात, वीज गेली की तास कोरे राहतात. चुका दुरुस्त करणे, कोऱ्या जागा अंदाजाने भरणे आणि सरासरीबाहेरचे आकडे वगळणे ह्या तीन भिन्न क्रियांना ‘शुद्धीकरण’ हे एकच नाव मिळते. पहिली लेखनदोष काढते. तिसरी मात्र एखादा खरा दिवसही पुसू शकते.

येथे पुण्याच्या भांडारकर संस्थेतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे स्मरण उद्बोधक ठरते. वि. स. सुकथनकरांनी आदिपर्वात (१९३३) पाठ वगळले, पण नष्ट केले नाहीत. ते तळटीपांत व परिशिष्टांत राखले. पुढील अभ्यासकाला संपादकाशी मतभेद नोंदवता येतो, तो त्यामुळेच. रस्त्याची रुंदी आणि पायवाटेची गरज गणनेवरून ठरत असेल, तर तिच्यातून वगळलेल्या दिवसांनाही अशी तळटीप मिळावयास हवी. ती नसेल, तर राजिमचा पायी यात्रेकरू आकड्यांतून जातो आणि मागोमाग रस्त्याच्या आराखड्यातूनही.