महाविद्यालयीन शारीरिक शिक्षण संचालकाची निवड

महाविद्यालयीन शारीरिक शिक्षण संचालकाची निवड ही महाराष्ट्रातील वरिष्ठ महाविद्यालयांत क्रीडा विभागाचा प्रमुख नेमण्यासाठी उमेदवारांची पात्रता, शारीरिक क्षमता व अनुभव यांचे मूल्यमापन करण्याची प्रक्रिया आहे. या पदाला 'क्रीडा संचालक' असेही म्हटले जाते. अमेरिकेतील महाविद्यालयांत बेसबॉल, बास्केटबॉल अशा प्रत्येक खेळासाठी स्वतंत्र मुख्य प्रशिक्षक असतो. महाराष्ट्रात मात्र सर्व खेळांची जबाबदारी सहसा एकाच संचालकावर असते. त्यामुळे या एका नेमणुकीचा परिणाम महाविद्यालयाच्या सर्व संघांवर अनेक वर्षे होतो.

पदाचे स्वरूप

संघनिवड, सराव, क्रीडासाहित्याची खरेदी, मैदानाची देखभाल आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे आयोजन ही संचालकाची प्रमुख कामे होत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो व तो भारतीय विश्वविद्यालय संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांत उतरतो. कबड्डी, खो-खो व कुस्तीप्रमाणेच बेसबॉलचाही या स्पर्धांत समावेश आहे. एखाद्या खेळासाठी विशेष मार्गदर्शक लागल्यास महाविद्यालये तो मानधनावर बोलावतात.

किमान पात्रता

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार उमेदवाराकडे शारीरिक शिक्षण किंवा क्रीडाशास्त्रातील पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांसह असावी लागते. त्याने महाविद्यालय, विद्यापीठ किंवा राज्याचे स्पर्धांत प्रतिनिधित्व केलेले असावे आणि तो नेट किंवा सेट परीक्षा उत्तीर्ण असावा. ठरावीक अटींवर पीएच.डी.धारकांना या परीक्षेतून सूट मिळते. पदव्युत्तर पदवी असलेल्या आशियाई किंवा राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांतील पदकविजेत्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे.

शारीरिक क्षमता चाचणी

अध्यापकांच्या इतर पदांना नसलेली ही अट आहे. उमेदवाराला वैद्यकीय प्रमाणपत्र सादर करून धावण्याची किंवा चालण्याची चाचणी द्यावी लागते. पुरुषांना १२ मिनिटांत व महिलांना ८ मिनिटांत पुढील अंतर पार करावे लागते.

३० वर्षांपर्यंत : पुरुष १,८०० मीटर, महिला १,००० मीटर
४० वर्षांपर्यंत : पुरुष १,५०० मीटर, महिला ८०० मीटर
४५ वर्षांपर्यंत : पुरुष १,२०० मीटर, महिला ६०० मीटर
५० वर्षांपर्यंत : पुरुष ८०० मीटर, महिला ४०० मीटर

निवड समिती

समितीचे अध्यक्षपद संस्थेच्या नियामक मंडळाच्या अध्यक्षांकडे किंवा त्यांच्या प्रतिनिधीकडे असते. प्राचार्य, कुलगुरूंचे प्रतिनिधी आणि महाविद्यालयाशी संबंध नसलेले विषयतज्ज्ञ हे समितीचे सदस्य असतात. या पदासाठी शारीरिक शिक्षण क्षेत्रातील तज्ज्ञ असणे आवश्यक असते. आरक्षित प्रवर्गातील किंवा महिला उमेदवार असल्यास त्या घटकाचे प्रतिनिधित्व करणारा शिक्षणतज्ज्ञही घेतला जातो. अनुदानित महाविद्यालयांत जाहिरातीपूर्वी बिंदुनामावलीची तपासणी आणि शासनाची पदभरतीस परवानगी लागते. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने रिक्त पदे भरण्यास दिलेल्या मान्यतेत शारीरिक शिक्षण संचालकांची १३९ पदे होती.

प्रशिक्षणकौशल्याचे मूल्यमापन

वरील निकष उमेदवाराचे शिक्षण, त्याची स्वतःची खेळातील कामगिरी आणि त्याची शारीरिक क्षमता मोजतात. इतरांना खेळाडू म्हणून घडविण्याचे कौशल्य त्यांतून थेट दिसत नाही. विद्यापीठातील उपसंचालक पदासाठी संघांची किंवा खेळाडूंची चांगली कामगिरी घडविल्याचा आणि किमान दोन आठवड्यांची प्रशिक्षण शिबिरे घेतल्याचा पुरावा मागितला जातो. महाविद्यालयातील प्रवेशस्तरावरील पदाला मात्र अशी अट नाही. पटियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेची (स्थापना १९६१) प्रशिक्षण पदविकाही या पदासाठी अनिवार्य नाही. ही उणीव भरून काढण्याचे मुख्य साधन मुलाखत हेच उरते.

अनुभव तपासताना केवळ पदकसंख्या पाहिल्यास दिशाभूल होऊ शकते. आधीच तयार खेळाडूंना प्रवेश देणारे महाविद्यालय आणि नवख्या विद्यार्थ्यांतून संघ उभारणारे महाविद्यालय यांची पदके एका मापाने मोजता येत नाहीत. उमेदवाराच्या काळात किती विद्यार्थी मैदानावर आले, मुलींचे किती संघ उभे राहिले आणि खेळाडूंनी पदवी पूर्ण केली का, ही माहिती अधिक उपयोगी ठरते. सराव सत्राचे प्रात्यक्षिक घेतल्यास उमेदवाराची सूचना देण्याची व चूक सुधारण्याची पद्धत प्रत्यक्ष पाहता येते.

बेसबॉलचे उदाहरण

खेळाडूंच्या सुरक्षिततेविषयी उमेदवाराची जाण तपासण्यासाठी बेसबॉल हे सोयीचे उदाहरण आहे. या खेळात चेंडूफेक करणाऱ्या पिचरच्या खांद्यावर व कोपरावर मोठा ताण येतो. अमेरिकेतील मार्गदर्शक तत्त्वांनुसार १७ ते १८ वर्षांच्या पिचरने एका दिवसात जास्तीत जास्त १०५, तर १९ ते २२ वर्षांच्या पिचरने १२० चेंडू टाकावेत. टाकलेल्या चेंडूंच्या संख्येनुसार विश्रांतीचे दिवसही ठरतात. संघात एकच चांगला पिचर असल्यास सलग सामन्यांत त्याचा वापर कसा करणार, या प्रश्नाच्या उत्तरातून विजय आणि खेळाडूचे आरोग्य यांपैकी उमेदवार कशाला अग्रक्रम देतो हे कळते.

अमेरिकेतील पद्धतीशी तुलना

अमेरिकेत मुख्य प्रशिक्षकाची निवड प्रामुख्याने क्रीडा विभागाचा संचालक करतो. जय-पराजयाची नोंद, शालेय खेळाडूंना महाविद्यालयाकडे आकर्षित करण्याची हातोटी, खेळाडूंची शैक्षणिक प्रगती आणि नियमपालनाचा इतिहास हे तेथील निकष आहेत. सर्वोच्च श्रेणीतील बेसबॉल संघांना २०२४-२५ पर्यंत ११.७ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती व ती अनेक खेळाडूंत विभागली जाई. त्यामुळे निधीवाटपाचे कौशल्यही पाहिले जात असे. तेथे सलग अपयश आल्यास प्रशिक्षक बदलला जातो. महाराष्ट्रातील संचालकाचे पद कायम स्वरूपाचे असल्याने चुकीची निवड दुरुस्त करणे कठीण असते.

ग्रामीण महाविद्यालयांतील महत्त्व

पुणे जिल्ह्यात इंदापूर आणि बारामती येथे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये आहेत. बारामती–इंदापूर मार्गावरील निमगाव केतकीसारख्या पानमळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावातील विद्यार्थ्याला खासगी क्रीडा अकादमी सहज उपलब्ध नसते. अशा विद्यार्थ्यासाठी महाविद्यालयाचा संचालक हाच पहिला प्रशिक्षित मार्गदर्शक ठरू शकतो. एस.टी.च्या वेळा, शेतीची कामे आणि मुलींच्या सुरक्षित प्रवासाची सोय पाहून सराव आखणे हा येथील कामाचा भाग आहे. म्हणून ग्रामीण महाविद्यालयासाठी उमेदवार निवडताना शहरातील यशाइतकेच, मर्यादित साधनांत काम केल्याच्या अनुभवालाही महत्त्व असते.

हेही पहा

विद्यापीठ अनुदान आयोग
भारतीय विश्वविद्यालय संघ
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ
बेसबॉल
निमगाव केतकी