पडला की पाडला?

मराठीत ‘पडला’ आणि ‘पाडला’ या दोन शब्दांत फक्त एका कान्याचा फरक आहे. कवितेत हा काना चुकला तर फार तर लघूचा गुरू होतो आणि वृत्त अडखळतं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तो चुकला तर अख्खी पेठ उठून उभी राहते. गोलसमोरच्या चौकटीत पोरगं आडवं झालं, की एकीकडची गॅलरी ओरडते ‘पाडला!’ आणि समोरची ओरडते ‘पडला!’ मधे एक माणूस शिट्टी धरून उभा असतो. तो काना द्यायचा की नाही, हे त्याला अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं.

या शिट्टीवाल्या माणसाविषयी आज बोलायचं आहे. मी खेळाडू नव्हतो. पेठेतल्या पोरांत एखाददुसरा असा असतोच, ज्याला बूट मिळत नाहीत पण आवाज मिळतो. मी त्यातला. त्या आवाजाचं मी एकदा काय केलं, ते पुढे सांगतो.

बाहेरगावचा पाहुणा आमच्या संघांची नावं वाचतो आणि बुचकळ्यात पडतो. पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. फुटबॉलच्या संघाला तालीम कशी? शब्द मूळचा अरबी आहे, अर्थ शिक्षण. उर्दूत आजही तालीम म्हणजे शिक्षणच. मराठीत आल्यावर तो लाल मातीत उतरला आणि लंगोट लावून घुमायला लागला. पण कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता आखाडाही नव्हे. तालमीत गणपती बसतो, अनेक तालमींत मोहरमचा पंजाही बसतो आणि दोन्हीसाठी राबणारी पोरं तीच असतात. भांडण लागलं की माणसं तिथे जमतात, भांडण मिटवायलाही तिथेच जमतात. अशा जागेत फुटबॉल आला, तेव्हा त्याला वेगळं घर बांधावं लागलं नाही.

कुस्तीचं वेड या गावाला शाहू महाराजांनी लावलं, हे सगळ्यांना माहीत आहे. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज विलायतेला गेले. त्या दौऱ्यात रोमचं जुनं क्रीडागार पाहून त्यांच्या मनात आपल्याकडेही असं मैदान बांधायचं आलं आणि १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं. फुटबॉल देशात पसरला तो छावण्यांतून आणि इंग्रजी शाळा-कॉलेजांतून. कोल्हापुरात त्याला संस्थानचा आश्रय मिळाला. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. तीच आमची केएसए. दिवाळी सरली की हंगामाचे वेध लागतात आणि उन्हाळ्यापर्यंत गाव पेठापेठांत वाटलं जातं. मंगळवार पेठेतला मेहुणा शिवाजी पेठेतल्या सासरी सामन्याच्या दिवशी जेवायला जात नाही. गेलाच तर निकालाविषयी बोलत नाही.

वर्तमानपत्रं या प्रकाराला ‘ईर्षा’ म्हणतात. शब्दकोशात त्या शब्दाला हेव्याचा वास आहे, कोल्हापुरी बोलीत नाही. इथे ईर्षा म्हणजे उमेद, हट्ट आणि थोडीशी मस्ती.

आता मुद्द्यावर येतो. खोटं पडणं ही आम्हाला फुटबॉलने शिकवलेली गोष्ट नाही. कुस्तीत तिला फार जुनं नाव आहे: नुरा. दोन पैलवान आधी ठरवून आले, एकाने पाठ टेकायची आणि दुसऱ्याने हात वर करायचे, की ती नुरा कुस्ती. खासबागेतल्या दर्दी माणसाला ती दुसऱ्या मिनिटाला कळायची. चटावर हात नाही, मानेवर ताण नाही, नुसती झोंबाझोंबी! मग हौद्याभोवतीचं पब्लिक आरडाओरडा करायचं. पण एक फरक आहे. निकाली कुस्तीत पंचाचं काम तसं स्पष्ट असतं. पाठ मातीला लागली का, एवढंच बघायचं. माती अंगाला चिकटते, ती साक्ष देते. फुटबॉलमध्ये पाय लागला की नाही, याची साक्ष गवत देत नाही.

म्हणून आमचा प्रेक्षक फुटबॉल बघतो तोही कुस्तीच्या डोळ्यांनी. पडलेल्या पोराला तो ‘नाटक’ म्हणतो, ‘लोळतंय बघ’ म्हणतो. अट एकच, पोरगं समोरच्या पेठेचं पाहिजे. आपलं असेल तर हीच लोळण ‘दुखापत’ होते.

गंमत म्हणजे फुटबॉलला सुरुवातीला पंचच नव्हता. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनने नियम लिहिले, तेव्हा वाद झाला तर दोन कर्णधारांनी आपसात मिटवावा, असाच रिवाज होता. पुढे दोन्ही बाजूंचा एकेक अंपायर आला. साहजिकच प्रत्येक अंपायर आपल्या बाजूने बोलायला लागला. दोघांचं जमलं नाही तर मैदानाबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाकडे वाद सोपवायचा. ‘रेफर’ करायचा म्हणून तो रेफ्री. १८९१ साली त्याला मैदानात घेतलं आणि ते दोन अंपायर रेषेवर गेले, तेच लाईनमन. त्याच वर्षी पेनल्टीचा नियम आला. तो सुचवणारा विल्यम मॅक्रम हा आयर्लंडचा गृहस्थ स्वतः गोलकीपर होता, हे मला नेहमी विशेष वाटतं. विलायतेतल्या काही सभ्य खेळाडूंना मात्र हा नियम म्हणजे अपमान वाटला. सद्गृहस्थ मुद्दाम पाडापाडी करील, असं गृहीत धरताच कसं, असं त्यांचं म्हणणं. त्यांना आमच्याकडचा एखादा उपांत्य सामना दाखवायला हवा होता.

आपण म्हणतो, पंचामुखी परमेश्वर. त्यात तोंडं पाच आहेत. फुटबॉलच्या पंचाला एकच तोंड, आणि त्यातही शिट्टी.

या एकट्या माणसाचं काय होतं, याच्या दोन हकिगती सांगतो. ३० जुलै १९६६. विश्वचषकाचा अंतिम सामना, इंग्लंड विरुद्ध पश्चिम जर्मनी. जादा वेळेत हर्स्टचा फटका आडव्या दांडीला लागून खाली आपटला आणि बाहेर आला. चेंडू रेषेच्या आत पडला का? स्विस पंच धावत लाईनमनकडे गेला. लाईनमन होता तोफिक बहरामोव, अझरबैजानचा. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. बहरामोवने होकार दिला, गोल ठरला. इंग्लंड ४-२ असं जिंकलं. जर्मन माणूस त्या गोलाविषयी आजही तावातावाने बोलतो. इंग्रजांनी बहरामोवला कायम ‘रशियन लाईनमन’ म्हटलं. त्याच्या गावात, बाकूत, मात्र स्टेडियमला त्याचं नाव आहे आणि २००४ साली तिथे त्याच्या पुतळ्याचं अनावरण झालं, तेव्हा हर्स्ट हजर होता.

दुसरी हकिगत माझ्या पिढीची. १९८६ सालच्या जूनमध्ये गल्लीत टीव्ही असलेल्या मोजक्या घरांत आम्ही दाटीवाटीने बसायचो. मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने गोल केला, तेव्हा आमच्या गल्लीत दोन तट पडले आणि ते आजतागायत मिटलेले नाहीत. पंच होते ट्युनिशियाचे अली बिन नासर. त्यांचं म्हणणं, मी लाईनमनकडे बघितलं, त्याने झेंडा वर केला नाही. लाईनमन बल्गेरियाचा, बोग्दान दोचेव. तो म्हणायचा, निर्णय पंचाचा. हात मॅराडोनाचा, पण ही दोन माणसं आयुष्यभर एकमेकांकडे बोट दाखवत राहिली. २०१५ साली मॅराडोना बिन नासर यांच्या घरी गेला आणि सही केलेली जर्सी देऊन आला. त्या सामन्याचा चेंडू बिन नासर यांनी जपून ठेवला होता. २०२२ साली लिलावात त्याला २० लाख पौंड आले. दोचेवकडे ना कुणी जर्सी घेऊन गेलं, ना त्याच्याकडे चेंडू होता. तो २०१७ साली गेला.

खोटं पडण्याला नियमांत शिक्षा आली ती फार उशिरा. पंचाला फसवण्यासाठी केलेलं सोंग हे गैरवर्तन आहे आणि त्याला ताकीद मिळालीच पाहिजे, असं १९९९ साली स्पष्ट लिहिलं गेलं. तीन वर्षांनी विश्वचषकात तुर्कस्तानच्या खेळाडूने मारलेला चेंडू रिवाल्डोच्या पायाला लागला आणि रिवाल्डो तोंड धरून कोसळला. तुर्की खेळाडू बाहेर गेला, रिवाल्डोला साडेअकरा हजार स्विस फ्रँकच्या आसपास दंड झाला आणि ब्राझीलने विश्वचषक जिंकला. आमच्याकडे ब्राझीलचे भक्त फार. चौकाचौकांत त्यांचे झेंडे आणि खेळाडूंचे भलेमोठे कटआऊट लागतात. एरवी समोरच्या पेठेच्या पोराला ‘नाटक्या’ म्हणणारा माझा एक मित्र त्या दिवशी शांतपणे म्हणाला, ‘‘अरे, चेंडू जोरात होता.’’

२०१८ पासून विश्वचषकात पंचाच्या मदतीला व्हिडिओ आला. आमच्या स्टेडियमवर तशी सोय नसली तरी हजारो मोबाईल आहेत. संध्याकाळपर्यंत त्या पडण्याची चित्रफीत दोन्ही पेठांत फिरते. एकच चित्रफीत, दोन निकाल.

हे सगळं हसण्यावारी नेता येत नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना होता. मैदानातल्या धसमुसळेपणावरून गॅलरीत दंगल पेटली आणि चेंगराचेंगरीत १६ जण गेले. तिथे आजही त्या दिवशी रक्तदान करतात. आपल्याकडे इतकं झालेलं नाही. पण मैदानातली बाचाबाची गॅलरीत आणि गॅलरीतली रस्त्यावर आलेली आहे, दगड पडले आहेत, सामने अर्ध्यावर थांबले आहेत. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ साली भारतातर्फे १७ वर्षांखालील विश्वचषक खेळला, तेव्हा सगळ्या पेठा एका आवाजात ओरडल्या होत्या. ते किती दिवस टिकलं, हे मी सांगायला नको.

आता माझं. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या पेठेतल्या एका संघाचा महत्त्वाचा सामना, बरोबरी, शेवटची पाच मिनिटं. आमचा फॉरवर्ड चौकटीत घुसला आणि पडला. आम्ही ओरडलो ‘पाडला!’ पंचांनी हातानेच ‘खेळ पुढे’ म्हणून खूण केली. पुढच्याच मिनिटाला उलट बाजूने गोल झाला आणि आम्ही हरलो. मला तेव्हा यमकं नुकतीच जुळायला लागली होती. पंचांच्या आडनावाशी यमक जुळवून, त्यांनी किती रुपये घेतले ते सांगणारी दोन ओळींची घोषणा मी तिथल्या तिथे केली. हलगीच्या ठेक्यावर ती अशी बसली की दहा मिनिटांत सगळी गॅलरी म्हणायला लागली. माझ्या एकाही कवितेला पुढे इतकी दाद मिळाली नाही.

चार दिवसांनी चहाच्या टपरीवर आमचा फॉरवर्ड हसत म्हणाला, ‘‘कुठला पाय लागतोय! पडून घेतलं.’’ आम्हीही हसलो. घोषणा मात्र हंगामभर चालू राहिली. ती मी केली होती, हे मला थांबवायला सुचलं नाही. खरं सांगायचं तर अभिमान वाटायचा.

पंधरा-सोळा वर्षांनी एका वाचनालयात माझं कवितावाचन होतं. कार्यक्रम संपल्यावर एक वयस्क गृहस्थ थांबले होते. दिवसा नोकरी करून संध्याकाळी शिट्टी वाजवणारे तेच पंच. मी ओळखलं नाही, त्यांनी ओळख दिली. म्हणाले, ‘‘कविता चांगल्या आहेत. तुमची एक जुनी पण मला पाठ आहे.’’ माझ्या पायाखालची जमीन सरकली. ती घोषणा माझी, हे त्यांना कधी आणि कुणी सांगितलं, ते मी विचारलं नाही. ते म्हणाले, ‘‘माझी धाकटी तेव्हा चौथीत होती. वर्गातली पोरं तिला म्हणून दाखवायची. तिने घरी येऊन विचारलं, बाबा, एवढे पैसे ठेवलेत कुठं?’’

मी त्यांना टपरीवरची गोष्ट सांगितली. फॉरवर्ड पडला होता, त्याला कुणी पाडलं नव्हतं, हे आम्हाला चौथ्या दिवशीच कळलं होतं, हेही सांगितलं. ते म्हणाले, ‘‘मला त्याच दिवशी कळलं होतं. म्हणून तर दिली नाही.’’ मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी ‘‘बसा हो’’ म्हणून वाचनालयाच्या पोराला दोन चहा सांगितले.

चहा येईपर्यंत आम्ही दोघं गप्प होतो. मग त्यांनीच विचारलं, ‘‘परवाची मॅच बघितली काय? तो पहिला गोल ऑफसाईड होता.’’ मी म्हटलं, ‘‘नव्हता काका, मी रेषेतच बसलो होतो.’’ ते म्हणाले, ‘‘तुम्ही आपल्या पेठेच्या रेषेत बसला असाल.’’ चहाचे दोन कप उलटे ठेवून त्यांनी दोन बचावपटू केले, बशी गोलकीपर झाली, आणि वाचनालय बंद करायला आलेला माणूस आमच्या डोक्यावर येऊन उभा राहीपर्यंत आम्ही भांडत राहिलो.