तळटीप : फोन येताच थांबलेला नकाशा

१. फोन येताच नकाशा थांबणे : हा हँडसेटचा दोष नसून चौथ्या पिढीच्या मोबाइल नेटवर्कच्या रचनेचा परिणाम होय. दुसऱ्या पिढीत प्रत्येक संभाषणासाठी स्वतंत्र मार्ग अखेरपर्यंत राखून ठेवला जाई. तिसरीत त्याच्या जोडीने डेटाही वाहू शके. परंतु एलटीई या चौथ्या पिढीने तो राखीव मार्गच रद्द करून सर्व व्यवहार पाकिटांच्या, म्हणजे डेटाच्या लहान तुकड्यांच्या, हवाली केल्यामुळे, व्होल्टीची, म्हणजे एलटीईवरूनच आवाज नेण्याची, तजवीज नसलेल्या नेटवर्कवर कॉल येताच हँडसेटला जुन्या पिढीकडे उतरावे लागे, आणि ती दुसरी असल्यास डेटा बहुधा संभाषण संपेपर्यंत तहकूब राही. ५ सप्टेंबर २०१६ रोजी भारतात सुरू झालेल्या जिओ या मोबाइल सेवेकडे जुन्या पिढीचे नेटवर्कच नसल्याने तेथे आवाजही प्रारंभापासून पाकिटांतूनच जातो. — संपादक