शब्दांचे सांधे : प्रस्तावना

रूपिमविचाराचा अभ्यास बहुधा एका व्याख्येपासून सुरू होतो: भाषेतला लहानात लहान अर्थपूर्ण घटक म्हणजे रूपिम. व्याख्या सुटसुटीत आहे आणि काही भाषांत ती छान चालते. तुर्कीतला ‘एव्लेरिमिझ्देन’ हा एक शब्द घ्या. ‘एव्’ म्हणजे घर, ‘लेर्’ अनेकवचनाचा, ‘इमिझ्’ म्हणजे आमचे, ‘देन्’ म्हणजे -हून. सगळे मिळून ‘आमच्या घरांहून’. जितके अर्थ, तितके तुकडे.

आता आपला ‘टेबलावर’ सोडवून पाहा. ‘टेबल’ कळले, ‘वर’ कळले. मधल्या ‘आ’चा अर्थ काय? शाळेत ‘सामान्यरूप’ असे उत्तर लिहून गुण मिळतात, पण ते नाव झाले, अर्थ नव्हे. इथे रूप आहे, अर्थ सापडत नाही. ‘एक दगड, दोन दगड’ यात नेमके उलट: वचन बदलले, रूप जागचे हलले नाही. यायला हवा तो घटक दिसत नाही, या स्थितीला पाणिनीने सुमारे ४००० सूत्रांच्या ‘अष्टाध्यायी’त ‘लोप’ म्हटले. न दिसणाऱ्याचाही हिशेब व्याकरणाने ठेवायचा असतो, ही दृष्टी इतकी जुनी आहे.

अरबीत तर तुकडे एकापुढे एक उभेच राहत नाहीत. क-त-ब ही व्यंजने लिहिण्याशी निगडित. त्यांच्या आतबाहेर स्वर आणि इतर वर्ण बसवले की ‘किताब’ (पुस्तक), ‘कातिब’ (लिहिणारा), ‘मक्तूब’ (लिहिलेले) असे शब्द होतात. हाच ‘किताब’ आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्वाहिलीत ‘किताबु’ झाला. स्वाहिलीत ‘कितु’ म्हणजे वस्तू, ‘वितु’ म्हणजे वस्तू अनेक. त्याच चालीवर बोलणाऱ्यांनी ‘किताबु’तल्या ‘कि’ला उपसर्ग मानले आणि अनेकवचन केले ‘विताबु’. अरबीत जिथे सांधा नव्हता, तिथे स्वाहिलीने तो पाडला.

तेव्हा सांधे शब्दात असतात की बोलणाऱ्याच्या मनात? जीन बर्को यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच प्रश्नाला भिडतो. त्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांना ‘वग’ नावाच्या काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवले, मग तसे दोन दाखवले आणि वाक्य पुरे करायला सांगितले. बहुतेक मुले ‘वग्ज’ म्हणाली. हा शब्द त्यांनी कधीच ऐकलेला नव्हता. म्हणजे पाठांतराचा प्रश्नच नव्हता, नियमच त्यांच्याजवळ होता.

या पुस्तकासाठी शाळेतल्या व्याकरणाची तोंडओळख पुरे. मात्र प्रत्येक उदाहरण आपल्या बोलीवर घासून पाहा. प्रमाण मराठीतले ‘घराला’ मालवणीत ‘घराक’ होते: प्रत्यय बदलला, पण बिनअर्थाचा म्हणून आपण बाजूला काढलेला ‘आ’ टिकला. तो का टिकला असेल, हा प्रश्न मनात ठेवूनच पहिल्या प्रकरणाकडे वळावे.