'विक्रांत'ची अखेर

युद्धनौकांचे पराक्रम आपल्या ग्रंथालयातील पुष्कळ पुस्तकांत वाचावयास मिळतात. निवृत्त नौकेचे पुढे काय होते, हे मात्र क्वचितच कोणी लिहितो.

'हर्क्युलिस' नावाची अपुरी ब्रिटिश नौका भारताने १९५७ मध्ये घेतली आणि ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे ती 'विक्रांत' म्हणून नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरील सी हॉक विमानांनी चितगाव व कॉक्स बाजारवर हल्ले केले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती मुंबईत निवृत्त झाली. ध्वज उतरविण्याचा विधी एका सायंकाळचा. पुढचा प्रश्न सतरा वर्षे रेंगाळला.

तिचे संग्रहालय व्हावे असे कोणास वाटणार नाही? काही वर्षे लोकांना ती पाहताही आली. परंतु पोलादी नौका खाऱ्या पाण्यात उभी ठेवणे म्हणजे गंजाशी अखंड झुंज. शिवाय धक्क्याची जागा अडते ती वेगळीच. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव तिचे दर्शन बंद झाले. राज्य शासनास खर्च पेलेना. उच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये व सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये तिच्या जतनाची मागणी फेटाळली. सुमारे ६० कोटी रुपयांना लिलावात गेलेली ही नौका मे महिन्यातच दारूखान्यास ओढून नेली होती. नोव्हेंबरात तिच्या तोडकामास आरंभ झाला. शासनास दोष देणे सोपे आहे. पण उद्घाटनाला देणगी मिळते, छपराच्या डागडुजीला मिळत नाही, हा अनुभव ग्रंथालयाच्या आश्रयदात्यांस नवा नसावा.

आमच्या पिरनवाडीहून चोर्ल्याच्या वाटेने गोवा ओलांडून कारवारला गेले, की किनाऱ्यावर 'चपल' दिसते. ही क्षेपणास्त्र नौका लहान, म्हणून तिला वाळूवर घेता आले. २००६ पासून ती संग्रहालय आहे. त्याच कारवारात फेब्रुवारी २०२५ मध्ये नौदलाने 'गुलदार' ही निवृत्त नौका महाराष्ट्राच्या पर्यटन विकास महामंडळाकडे सोपविली. सीमेच्या वादात वाढलेल्या आम्हांस या देण्याघेण्याचे कौतुक वाटले. सिंधुदुर्गातील निवती खडकांजवळ ती बुडवून समुद्रतळी संग्रहालय करावयाचे, अशी ही योजना. त्यासाठी प्रथम नौकेतील तेल व अन्य घातक द्रव्ये काढावी लागतात; मगच माशांनी व प्रवाळांनी तिचा ताबा घ्यावयाचा.